डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : घाटातील शिफ्टिंग आणि रीमॅप

चोपडेकर

सर्वांना नमस्कार. चोपडा तालुक्यात पाणबुडी मोटारी बसविण्याचा आणि दुरुस्तीचा माझा व्यवसाय आहे आणि त्यासाठी मी सहा गिअरची डिझेल ऑटोमॅटिक पिकअप वापरतो. मागे मोटारी, केबलची वेटोळी, पाइप आणि चेनपुली असा भरणा कायम असतो. धरणगाव, जळगाव, शिरपूर अशा सपाटीच्या रस्त्यांवर गाडीबद्दल काही म्हणायचे नाही. परंतु सेंधव्याकडील कामांसाठी पळासनेर सोडून बिजासन घाट चढू लागलो की गिअरबॉक्स एका गिअरवर ठरत नाही. ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास चौथा गिअर पडतो, चढ वाढला की गाडी तिसऱ्यात उतरते, इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा पंधराशेवरून एकदम बावीसशेच्या वर जातो, मी पाय थोडा हलका केला की पुन्हा चौथा पडतो आणि पुढच्या वळणावर हाच खेळ पहिल्यापासून सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत हे जास्त जाणवते.

एका ट्यूनिंग करणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की इंजिनाचा रीमॅप करून, म्हणजे त्याच्या संगणकातील प्रोग्राम बदलून, ओढ वाढवली की खालचा गिअर मागण्याची वेळच येणार नाही, आणि गिअरबॉक्सच्या प्रोग्रामला हात लावण्याची आवश्यकता नाही. दुसरीकडे, अमेरिकेतील रॅम, फोर्ड सुपर ड्यूटी आणि शेव्हरोले सिल्व्हराडो या मोठ्या डिझेल पिकअपचे मालक इंजिनाच्या ट्यूनबरोबर गिअरबॉक्सचा ट्यून स्वतंत्रपणे करून घेतात, असे वाचनात येते. त्या गाड्यांचे शिफ्टिंग एकमेकांपासून आणि आपल्याकडील गाड्यांपासून नेमके कशात वेगळे आहे, आणि माझ्यासारख्याने पैसे घालायचे झाल्यास ते कशात घालावेत, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

पांझराकाठ, धुळे

दादा, आपण वर्णन केलेले लक्षण बिघाडाचे नाही. घाटात गिअरबॉक्स दोन गिअरांमध्ये घुटमळतो तेव्हा त्याचे मूळ कारण बहुतेक वेळा त्या दोन गिअरांमधील अंतर हे असते. आपले आकडे पाहा: बावीसशेच्या वरून पंधराशेवर येणे म्हणजे इंजिनाची गती जवळपास एक तृतीयांशाने पडणे. तिसऱ्यात इंजिनाला चढ सहज झेपतो म्हणून संगणक चौथा गिअर देतो. चौथ्यात टर्बोची हवा कमी पडते, आपण पाय दाबता आणि संगणक पुन्हा तिसरा देतो. दोन्ही निर्णय त्या त्या क्षणी योग्यच असतात, आणि म्हणूनच हा खेळ थांबत नाही.

आता अमेरिकन गाड्यांकडे येऊ. शेव्हरोले आणि जीएमसीच्या गाड्यांत २००१ पासून ड्युरामॅक्स इंजिनाबरोबर ॲलिसन १००० हा गिअरबॉक्स आला. प्रारंभी तो पाच गिअरचा होता आणि २००६ मध्ये सहा गिअरचा झाला. त्याचा तिसरा गिअर १.४१ आणि चौथा १.०० आहे (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा शाफ्ट एकदा फिरण्यासाठी इंजिन किती वेळा फिरते, त्याचे हे गुणोत्तर). रॅममध्ये २०२४ पर्यंत ६.७ लिटर कमिन्स इंजिनाबरोबर येत असलेल्या ६८आरएफई गिअरबॉक्समध्येही हेच दोन आकडे आहेत. त्याच इंजिनाच्या अधिक ताकदीच्या आवृत्तीला तेव्हा मिळत असलेल्या आयसिन एएस६९आरसीमध्ये तिसरा १.३४ आणि चौथा १.०० आहे. फोर्डच्या २०११ नंतरच्या सहा गिअरच्या ६आर१४० मध्ये तिसरा १.५२ आणि चौथा १.१५ आहे. समजा, बावीसशेवर तिसऱ्यातून चौथा पडला, तर ॲलिसनमध्ये आणि ६८आरएफईमध्ये काटा साधारण १५६० वर येईल, आयसिनमध्ये १६४० वर आणि फोर्डमध्ये १६६० वर. म्हणजे सहा गिअरच्या मोठ्या गाड्यांमध्येही अंतर काही फार लहान नाही. फरक इतकाच की साडेसहा लिटरच्या वरचे इंजिन सोळाशेवर जितकी ओढ देते, तितकी आपले दोन-अडीच लिटरचे इंजिन तिथे देऊ शकत नाही.

फोर्डने २०२० मध्ये दहा गिअरचा १०आर१४० आणला आणि त्याच वर्षी जनरल मोटर्सनेही ॲलिसनचे नाव असलेला दहा गिअरचा गिअरबॉक्स मोठ्या पिकअपमध्ये दिला. फोर्डच्या दहा गिअरमध्ये पाचवा १.५२, सहावा १.२८ आणि सातवा १.०० आहे. बावीसशेवर पाचव्यातून सहावा पडला तर काटा १८५० च्या आसपास थांबतो. इंजिन ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडत नाही आणि त्यामुळे वरचा गिअर पडल्यावर लगेच पश्चात्तापाची पाळी येत नाही. गिअर वाढले म्हणजे शिफ्ट वाढणार ही तक्रार मी अनेकदा ऐकतो, परंतु हे गिअरबॉक्स हलक्या भारात मधले गिअर गाळून पुढे जातात आणि भारात प्रत्येक पायरी वापरतात. घाटात याचे मोल कळते.

रीमॅप करणाऱ्या गृहस्थांच्या बोलण्यातील खरा दोष मात्र वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो मी थोडा विस्ताराने सांगतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअर म्हणजे तेलाच्या दाबाने घट्ट धरून ठेवलेले क्लचपट्ट्यांचे जुडगे असते. तो दाब किती ठेवायचा हे गिअरबॉक्सचा संगणक ठरवतो, आणि ते ठरवण्यासाठी तो इंजिनाच्या संगणकाला विचारतो की या क्षणी तू किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, देत आहेस. इंजिनाचा संगणक सांगेल त्या आकड्यावर तो विश्वास ठेवतो. रीमॅप करणाऱ्याने डिझेल वाढवले परंतु टॉर्क मोजण्याचे तक्ते जसेच्या तसे ठेवले, तर इंजिन प्रत्यक्षात ४५० न्यूटन मीटर देत असताना गिअरबॉक्सला ३६० चा निरोप जातो. दाब ३६० च्या हिशेबाने राहतो आणि पट्ट्या वरच्या भारावर किंचित सरकू लागतात. चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. उलट शिफ्ट मऊ झाली असे वाटून तो खूश होतो. पट्ट्या जळून तेल काळे पडते तेव्हा खर्चाचा आकडा समोर येतो. अमेरिकेतील लोक दोन्ही ट्यून बरोबर करून घेतात ते याच कारणाने. तिथे तो शौकाचा भाग असेलही, परंतु मुळात ती इंजिनाने आणि गिअरबॉक्सने एकच आकडा बोलावा यासाठीची व्यवस्था आहे.

अमळनेरकर, मुक्काम टेक्सास

पांझराकाठ यांनी सांगितलेल्या गुणोत्तरांत भर घालण्यासारखे फारसे नाही. मी मूळचा अमळनेरचा असून इथे घोड्यांचा ट्रेलर आणि गवताच्या गाठी ओढण्याच्या कामावर या तिन्ही कंपन्यांच्या गाड्या चालवतो, म्हणून चालवताना काय जाणवते तेवढे लिहितो.

सहा गिअरच्या ॲलिसनचा स्वभाव ठाम आहे. भाराच्या मोडचे बटण दाबले की तो गिअर लवकर सोडत नाही, आणि उतारावर ब्रेकला पाय लागताच स्वतः खालचा गिअर घेऊन गाडी धरून ठेवतो. त्याचा तेलाचा फिल्टर बाहेर, इंजिनाच्या ऑइल फिल्टरसारखा फिरवून काढता येतो. पॅन उतरवावा लागत नाही. ही गोष्ट वाचताना किरकोळ वाटते, परंतु शेतावरच्या गाडीला तिचा फार उपयोग होतो.

रॅमच्या ६८आरएफईमध्ये चौथा १.००, पाचवा ०.८२ आणि सहावा ०.६३ असल्यामुळे महामार्गावर भार घेऊन पाचव्यात चालणे सुखाचे असते. ॲलिसनमध्ये चौथ्यानंतर थेट ०.७१ येतो आणि वाऱ्याच्या दिवशी ती पायरी जाणवते. मात्र ट्यून केलेल्या इंजिनामागे ६८आरएफईचा ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरच्या गिअरांचा) क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा, लॉक-अप (दोन्ही बाजू घट्ट जोडणारा) क्लच आधी हात टेकतात, ही इथल्या गिअरबॉक्स बांधणाऱ्यांमध्ये सर्वमान्य गोष्ट आहे. कंपनीचे स्वतःचे धोरणही हेच सांगते: २०१९ मध्ये कमिन्स इंजिन १,००० पाउंड-फूट, म्हणजे १,३५६ न्यूटन मीटरवर गेले तेव्हा ती पूर्ण ताकद फक्त आयसिनबरोबर मिळत होती आणि ६८आरएफईबरोबर ८५० पाउंड-फूटच. त्याआधी २०१८ पर्यंत मॅन्युअल गिअरबॉक्सही मिळत असे, आणि त्याच्याबरोबर तर तेच इंजिन ६६० पाउंड-फूटवर बांधलेले होते. २०२५ पासून रॅमने झेडएफचा आठ गिअरचा गिअरबॉक्स आणला आणि एकाच इंजिनाच्या दोन ताकदींचा हा प्रकार संपवला.

आपल्याकडेही हे दिसते. टोयोटाच्या हायलक्स पिकअपचे २.८ लिटरचे इंजिन ऑटोमॅटिकबरोबर ५०० न्यूटन मीटर देते आणि मॅन्युअलबरोबर ४२०. इंजिन काय देऊ शकते यापेक्षा मागचा गिअरबॉक्स काय सोसू शकतो, यावर कंपनी आकडा लिहिते. कोणी लॅपटॉप जोडून तो आकडा एका दुपारी वाढवून देतो तेव्हा सोसण्याची क्षमता काही वाढलेली नसते.

ट्यूनमध्ये लोक काय बदलून घेतात, तेही सांगतो. पहिला बदल शिफ्टच्या तक्त्यात असतो. पेडल किती दाबलेले आहे आणि वेग किती आहे यांवरून गिअर ठरतो; वर जाण्याची रेषा आणि खाली येण्याची रेषा यांमध्ये जितकी फट ठेवाल तितके घुटमळणे कमी होते. चोपडेकरांच्या तक्रारीवर नेमका हाच इलाज आहे आणि त्यासाठी इंजिनाची ताकद एका न्यूटन मीटरनेही वाढवावी लागत नाही. दुसरा बदल लॉक-अपमध्ये असतो, कारण कन्व्हर्टर जितका लवकर कुलूपबंद होईल तितके तेल कमी तापते. तिसरा दाबात आणि शिफ्टला लागणाऱ्या वेळेत. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे की झटका देणारी शिफ्ट म्हणजे मजबूत शिफ्ट. शिफ्ट लांबली तर पट्ट्या घासून उष्णता होते हे खरे, परंतु नुसता दाब वाढवला तर एक क्लच सुटण्याआधीच दुसरा पकडतो, दोन्ही एकमेकांशी झुंजतात आणि धक्का शाफ्टवर व कपलिंगवर जातो. चांगल्या ट्यूनची शिफ्ट आखूड असते. भरलेल्या गाडीत ती कळते, परंतु मागच्या मालाला कळत नाही.

रिकाम्या गाडीत ट्यून तपासून देणाऱ्याकडे मी पुन्हा जाणार नाही.

केळीवाला, रावेर

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु चोपडेकर भाऊंच्या घाटासाठी इतका सायास आवश्यक आहे का, असे मला वाटते. सावद्याहून माल भरून निघणारा आमचा मॅन्युअल पिकअपचा चालक चढ दिसताच तिसरा टाकतो आणि माथ्यापर्यंत हात लिव्हरकडे नेत नाही. तसा ऑटोमॅटिकमध्येही हाताने गिअर धरून ठेवण्याचा मोड असतोच. पळासनेरच्या पुढे लिव्हर त्या बाजूला घ्यावी, तिसरा धरावा आणि सेंधव्याच्या अलीकडे पुन्हा डी मध्ये आणावी, खर्च शून्य. संगणकाला पुढचा चढ दिसत नाही, आपल्याला दिसतो.

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, वॉरंटी जाते ती वेगळीच, आणि रीमॅपच्या निमित्ताने कोणी ईजीआर किंवा डीपीएफ (धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रणा) बंद करण्याचा सल्ला देऊ लागला तर तिथून उठून यावे. अमेरिकेतही तो प्रकार बेकायदाच आहे.

चोपडेकर

सर्वांचे आभार. रावेरच्या भाऊंनी सांगितले तसे तिसरा धरून चालवण्यास माझी हरकत नाही, परंतु बावीसशे-तेवीसशेवर सलग चढ चढल्याने गिअरबॉक्स अधिक तापेल ही भीती मनात असल्यामुळेच मी ते टाळत आलो आहे. आवाज मोठा होतो, पंखा गरजू लागतो, आणि बाहेर ४४ अंश तापमान असते. चौथ्यात इंजिन शांत चालते तेव्हा गिअरबॉक्सलाही आराम असतो, असे मी धरून चाललो होतो. यावर खुलासा व्हावा. आणि रीमॅपचा विचार सोडला तर तेलाकडे कधी व कसे पाहावे, हेही सांगावे. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही.

पांझराकाठ, धुळे

आप्पा, आवाजावरून उष्णतेचा अंदाज बांधू नये. बावीसशेची गती डिझेल इंजिनाला काहीच नाही, आणि पंखा गरजतो ते त्याचे कामच आहे. गिअरबॉक्समध्ये उष्णता निर्माण होते ती प्रामुख्याने टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, तो कुलूपबंद नसताना. इंजिनाकडचे पाते तेल फेकते आणि गिअरबॉक्सकडचे पाते त्या तेलाने फिरते. दोघांच्या गतीत जेवढा फरक, तेवढी ताकद चाकाकडे न जाता तेल तापवण्यात खर्च होते. चौथ्यात १५०० वर भार पडला की संगणक आधी लॉक-अप सोडतो आणि मग खालचा गिअर देतो. म्हणजे चौथ्यात शांत वाटणारी गाडी पुष्कळदा उघड्या कन्व्हर्टरवर चाललेली असते, आणि तिसऱ्यात ओरडणारी गाडी कुलूपबंद कन्व्हर्टरवर. दुसरीचे तेल थंड राहते. ओळखण्याची रीत सोपी आहे: वेग स्थिर असताना पेडल किंचित दाबावे. काटा तात्काळ शे-दोनशेने वर गेला आणि वेग मागाहून वाढला, तर लॉक-अप सुटलेला आहे. काटा आणि वेग बरोबरच चढले, तर तो लागलेला आहे.

खानदेशातील उन्हाचा हिशेबही येथे मांडतो. तेल ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंश असेल तर कूलरला ७० अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात भुसावळला किंवा आपल्या चोपड्याला ४५ अंश असतात तेव्हा हाच फरक ५० वर येतो, म्हणजे तोच कूलर सुमारे ७० टक्केच उष्णता बाहेर टाकू शकतो. त्यातच घाटात वेग कमी असल्यामुळे समोरून वारा कमी. आपल्याला उन्हाळ्यात त्रास अधिक जाणवतो त्याचे हे एक कारण आहे. दुसरे म्हणजे तापलेल्या हवेत इंजिनाची ओढही थोडी कमी होते आणि खालचा गिअर लवकर मागितला जातो. म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी कूलरच्या जाळीत साचलेली धूळ आणि कपाशीचा कचरा काढून घ्या, नंतर तेलाचे तापमान दाखविणारे यंत्र ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या सॉकेटला) लावून एकदा भरल्या गाडीने घाट चढून पाहा, आणि आकडा १२० अंशांकडे जाताना दिसला तर जादा ऑइल कूलर बसवा. ट्यूनिंगचा क्रम त्यानंतरचा. काही गाड्यांत कूलर वाढवण्यास जागा नसते, तेव्हा आधी बंपरच्या मागे पाहून घ्यावे.

तेलाबाबत असे आहे की डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळी ओव्हरफ्लोच्या बोल्टने पाहतात. गाडी समतल उभी करून, इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना तो बोल्ट उघडायचा. तेलाची बारीक धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर. हे तापमान बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ३५ ते ४५ अंशांच्या आसपास दिलेले असते. आता मे महिन्यातील दुपारी तीन वाजता आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे तेल मुळातच तेवढे तापलेले असते. इंजिन चालू केले की ते वर जाते, तेल फुगते, आणि त्या वेळी पातळी जुळवली तर गिअरबॉक्समध्ये तेल कमीच राहते. सर्व्हिस सेंटरला हे काम सकाळी पहिल्या गाडीचे म्हणून धरायला सांगावे. मी स्वतः उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर हा बोल्ट उघडत नाही.

निघालेल्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहावा. तो पसरल्यावर लालसर आणि पारदर्शक दिसला तर उत्तम. तांबूस-तपकिरी झाला असेल पण वास साधा असेल तर तेल म्हातारे झाले आहे, बदलावे. मधोमध काळा गाळ बसून भोवती तेल पसरले आणि करपल्याचा वास आला, तर ती क्लचपट्ट्यांची भुकटी आहे. अशा गिअरबॉक्सवर कोणताही ट्यून चढवू नये. तेल बदलताना कंपनीने सांगितलेल्या वर्गाचेच घ्यावे, कारण पट्ट्यांची पकड त्या तेलातील घटकांवर ठरवलेली असते. ‘आयुष्यभराचे तेल’ असे कोणी म्हणाले तरी घाटात भार वाहणाऱ्या गाडीला ते लागू नाही. पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळी मुदत दिलेली असते, तीच आपली.

एवढे करूनही शिफ्टचा तक्ता बदलून घ्यावा असे वाटलेच, तर ट्यूनरला इतकेच विचारा की तुम्ही टॉर्कचे तक्ते गिअरबॉक्सशी जुळवता का, मूळ फाइल जपून ठेवून परत देता का, आणि नंतर गिअरबॉक्सला नव्याने शिकवण्यासाठी भरल्या गाडीने माझ्याबरोबर रस्त्यावर येता का. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण उद्या फोन करतो म्हणतात.

अमळनेरकर, मुक्काम टेक्सास

पांझराकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. तेल बदलल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर गिअरबॉक्सचे शिकलेले आकडे पुसले जाऊ शकतात आणि काही दिवस शिफ्ट ओबडधोबड वाटते. त्या काळात पेडल मध्यम दाबून सर्व गिअरांतून शांतपणे गाडी चालवावी आणि लगेच ट्यूनरकडे धावू नये. उतरताना मात्र चोपडेकरांनी अमेरिकन व्हिडिओंवर जाऊ नये. इथल्या गाड्यांना टर्बोचा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारा) असतो आणि तो लॉक-अप लावून गिअरबॉक्समार्फत गाडी धरतो; आपल्याकडील या वर्गाच्या पिकअपमध्ये ती सोय सहसा नसते, म्हणून सेंधव्याहून परत येताना माथ्यावरच तिसरा, आणि भार जास्त असेल तर दुसरा, हाताने धरलेला बरा.